यूकेत पार्ट-टाइम काम करताय? स्टेट पेन्शनचं वर्ष पगाराच्या खालच्या रेषेवर ठरतं, ते असं तपासा

पार्ट-टाइम काम करणाऱ्या आपल्या लोकांत दोन समज अगदी पक्के बसलेत. पहिला, पेस्लिपवर नॅशनल इन्शुरन्स (पेन्शनसाठी पगारातून सरकारला जाणारी वर्गणी) कापलेला दिसत नाही म्हणजे स्टेट पेन्शनसाठी ते वर्ष धरलं जात नाही. दुसरा, दोन ठिकाणी मिळून बऱ्यापैकी कमावतो म्हणजे वर्ष आपोआप धरलं जात असणार. दोन्ही चूक आहेत आणि दुसरा फार महागात पडतो. मी २०१८-१९ मध्ये सकाळी एका दुकानात आणि दुपारी एका शाळेच्या किचनमध्ये काम करायचे, एकीकडे आठवड्याला ९५ पौंड आणि दुसरीकडे ७०, वर्षभर एकही खाडा नाही, आणि तरी रेकॉर्डमध्ये त्या वर्षासमोर "पूर्ण नाही" असं लिहून आलं. वर्ष धरलं जायला एका नोकरीत आठवड्याला किमान लागणारी कमाई, म्हणजे ती रेषा, तेव्हा ११६ पौंडांवर होती आणि माझी एकही नोकरी एकटीने तिच्यावर जात नव्हती. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर शाळेत दोन-चार तास वाढवून मागितले असते, म्हणून इथे सगळं क्रमाने लिहिते आहे.

हा लेख नोकरदार पार्ट-टाइमवाल्यांसाठी आणि नवीन स्टेट पेन्शनसाठी आहे, म्हणजे ज्यांचं पेन्शनचं वय ६ एप्रिल २०१६ ला किंवा त्यानंतर भरतं त्यांच्यासाठी. आकडे आणि उदाहरणं २०२५-२६ ची आहेत, वर्ष म्हणजे ६ एप्रिल ते ५ एप्रिल; आजचे आकडे गव्ह डॉट यूकेवर बघून घ्या. आकडे दर एप्रिलला बदलतात, मोजायची पद्धत मात्र तीच राहते.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

पूर्ण पेन्शनसाठी साधारण ३५ वर्षं लागतात आणि काहीतरी मिळायला किमान १०. नऊ वर्षं भरली तर शून्य. २०२५-२६ मध्ये पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होतं, म्हणजे एका वर्षाची किंमत आठवड्याला साधारण ६.५८ पौंड, वर्षाला ३४२ च्या आसपास, आणि ती मरेपर्यंत. एक वर्ष हातचं जाणं म्हणजे हे जाणं.

आता रेषा. दोन आहेत आणि लोक नेमकी चुकीची बघतात.

खालची रेषा म्हणजे लोअर अर्निंग्ज लिमिट: २०२५-२६ मध्ये आठवड्याला १२५, चार आठवड्यांना ५००, महिन्याला ५४२ पौंड. वरची रेषा म्हणजे प्रायमरी थ्रेशोल्ड: आठवड्याला २४२, महिन्याला १,०४८. वरच्या रेषेनंतर पगारातून नॅशनल इन्शुरन्सचे ८ टक्के कापायला सुरुवात होते. पण पेन्शनचं वर्ष खालच्या रेषेवर ठरतं. १२५ ते २४२ च्या मधे कमावणाऱ्याचा एक पैसाही कापला जात नाही आणि तरी सरकार "भरलं" असंच धरतं. म्हणजे पार्ट-टाइम माणसासाठी हा पट्टा सोन्यासारखा आहे आणि नेमका तोच बरेच जण दोन-तीन पौंडांनी चुकवतात.

वर्ष पूर्ण व्हायला खालच्या रेषेच्या ५२ पट, म्हणजे ६,५०० पौंड जमा व्हावे लागतात. आणि इथे खरी मेख आहे: हे ६,५०० फक्त त्याच पगारांतून मोजतात जे त्या त्या वेळी, त्या त्या नोकरीत, रेषेवर किंवा रेषेच्या वर होते. रेषेखालचा आठवडा अर्धा धरत नाहीत, तो धरतच नाहीत.

टप्पा १: रेकॉर्ड उघडा, अंदाज लावू नका

गव्ह डॉट यूकेवर पर्सनल टॅक्स अकाउंट उघडा किंवा एचएमआरसीचं (टॅक्सच्या सरकारी खात्याचं) ॲप घ्या. दोन गोष्टी बघायच्या, स्टेट पेन्शन फोरकास्ट (किती पेन्शन मिळेल याचा अंदाज) आणि नॅशनल इन्शुरन्स रेकॉर्ड. बरेच जण नुसता फोरकास्ट बघतात, मोठा आकडा दिसतो आणि खुश होतात. तो मोठा आकडा पुढची सगळी वर्षं तुम्ही भराल असं धरून काढलेला असतो. "आजपर्यंतच्या रेकॉर्डवर किती" हा आकडा खाली वेगळा दिलेला असतो, तो लिहून घ्या.

मग रेकॉर्डमध्ये एकेक वर्ष उघडा. जे पूर्ण नाही त्यावर टिचकी मारली की किती आठवडे धरले गेले आणि कमी पडलेलं भरायला किती पौंड लागतील हे दिसतं. वहीत वर्ष, कमी आठवडे आणि रक्कम असे तीन रकाने करा.

तपासा: नुकतंच संपलेलं वर्ष एप्रिलमध्ये लगेच दिसत नाही, काही महिने जातात. ते दिसत नाही म्हणून घाबरून पैसे भरायला धावू नका.

टप्पा २: पेस्लिप समोर ठेवा

तीन गोष्टी बघा. पगार आठवड्याला होतो, चार आठवड्यांनी होतो की महिन्याला, कारण रेषा त्यावर ठरते. नॅशनल इन्शुरन्स नंबर बरोबर आहे का, एक अक्षर चुकलं तरी पैसे तुमच्या नावावर बसत नाहीत. आणि नॅशनल इन्शुरन्ससाठी धरलेला पगार किती.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. तुम्ही सॅलरी सॅक्रिफाइसमध्ये असाल, म्हणजे पेन्शन फंड किंवा सायकल योजनेसाठी पगार कागदावरच कमी करून घेतला असेल, तर रेषा त्या कमी झालेल्या पगाराला लावतात. ५६० चा पगार ५३० झाला की महिन्याची रेषा चुकली. साध्या पद्धतीने पेन्शन फंड कापत असतील, म्हणजे पगार तोच ठेवून त्यातून वजा होत असेल, तर काही बिघडत नाही. कुठली पद्धत आहे हे पेरोलला विचारा, पेस्लिपवरून दर वेळी कळतंच असं नाही.

सावधान: रोख हातात मिळणारे आणि पेस्लिप नसलेले पैसे कुठल्याच रेषेत बसत नाहीत. तुमच्यासाठी ते वर्ष नुसतंच वाया जातं.

टप्पा ३: तासांचा गुणाकार करा

२०२५-२६ मध्ये २१ वर्षं आणि पुढच्यांचा किमान दर तासाला १२.२१ पौंड होता. आठवड्याला १० तास काम केलं की १२२.१०. रेषा १२५. २.९० पौंड कमी पडले आणि अख्खा आठवडा बाद. साडेदहा तास केले की १२८.२१, आठवडा जमा. अर्ध्या तासाचा फरक आहे, बास. आपल्यात "१० तासांचं काम मिळालंय" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकते आणि दर वेळी पोटात कालवतं, कारण किमान दरावर नेमका तोच आकडा तोट्याचा आहे.

एप्रिल २०२६ पासून दर १२.७१ आणि रेषा १२९. परत गुणाकार करा, १० तासांचे १२७.१०. म्हणजे दर वाढला तरी सापळा तिथेच आहे. १८ ते २० वयाच्या मुलांना २०२५-२६ मध्ये १० पौंड दर होता, त्यांना साडेबारा तास लागायचे, ते बरोबर १२५ व्हायचे आणि रेषेवर असलेलंही धरतात.

तास कमीजास्त होणाऱ्यांनी इथे जरा थांबा. समजा पगार आठवड्याला होतो आणि एक आठवडा ९५, पुढचा १६५, असं आलटून पालटून चालतं. सरासरी १३०, वर्षाचे ६,७६०, म्हणजे वाटतं की झालंच काम. पण ९५ वाले २६ आठवडे उडाले, उरले १६५ चे २६, त्यांचे होतात ४,२९०. वर्ष पूर्ण नाही, साधारण १८ आठवडे कमी. हाच पगार चार आठवड्यांनी एकदा झाला असता तर दर वेळी ५२० आले असते, ५०० च्या वर, आणि वर्ष भरलं असतं. काम तेच, पैसे तेच, फक्त पगाराची तारीख वेगळी. म्हणून तास डळमळीत असतील तर महिन्याने किंवा चार आठवड्यांनी पगार देणारी जागा जास्त सोयीची पडते.

उलटही होतं आणि ते माहीत असलेलं बरं. थोडेच महिने काम करून जास्त पगार मिळाला तरी वर्ष भरू शकतं. आठवड्याला ५०० पौंड असतील तर १३ आठवड्यांतच ६,५०० होतात आणि पुढे काही केलं नाही तरी ते वर्ष तुमचं. त्यामुळे जुलैमध्ये फुल-टाइम सोडून पार्ट-टाइम धरणाऱ्यांनी त्या वर्षाची काळजी करू नये, पुढच्या वर्षाची करावी.

टप्पा ४: दोन नोकऱ्या असतील तर प्रत्येक वेगळी मोजा

आठवड्याला १०० इथे आणि १०० तिथे म्हणजे २००, वर्षाचे १०,४०० आणि पेन्शनच्या नावाने शून्य. वेगवेगळ्या मालकांचे पगार रेषेसाठी एकत्र करत नाहीत. एकाच मालकाकडे दोन कामं असतील, उदाहरणार्थ एकाच कंपनीत सकाळी साफसफाई आणि शनिवारी गल्ल्यावर, तर सहसा एकत्र धरतात, पण पेरोल नंबर दोन असतील तर तसं खरंच होतंय का ते विचारून घ्या.

उपाय साधा आहे, तास वाढवायचे तर एकाच ठिकाणी वाढवा. आठ-आठ तासांच्या दोन नोकऱ्यांपेक्षा अकरा तासांची एक आणि पाच तासांची दुसरी बरी. एक नोकरी रेषेवर गेली की तुमचं काम झालं, दुसरी खाली राहिली तरी चालेल.

तपासा: अकरा तास × तुमचा दर, आकडा रेषेच्या किमान ५-१० पौंड वर आहे ना? अगदी रेषेला टेकून राहू नका, कारण पुढच्या एप्रिलला रेषा सरकते आणि दर वाढला नाही तर तुम्ही न हलता खाली जाता.

टप्पा ५: भारतवारी, आजारपण, बिनपगारी रजा

महिन्याला ५६० पौंड मिळतात, ५४२ च्या वर, म्हणजे सगळं ठीक. मग डिसेंबरात घरचं लग्न निघतं, महिनाभर बिनपगारी रजा घेऊन पुण्याला जाऊन येता. अकरा महिन्यांचे ६,१६०. वर्ष गेलं. अकरा महिन्यांत ६,५०० व्हायला महिन्याला साधारण ५९१ लागतात. जाणार हे आधी माहीत असेल तर आधीच्या दोन-तीन महिन्यांत थोड्या शिफ्ट जास्त घेऊन ३४० पौंडांचा तो खड्डा भरून काढता येतो. तिकीट काढायच्या आधी हा हिशोब करा, आल्यावर नाही.

पगारी रजेचं काही नाही, ती पगारासारखीच मोजतात. मात्र काही ठिकाणी रजेचे पैसे दर आठवड्याच्या पगारातच मिसळून देतात आणि मग रजेच्या आठवड्यात पेस्लिप शून्य येते. तुमच्याकडे तसं असेल तर ते आठवडे बिनपगारी समजूनच मोजा.

आजारपणात एक गोष्ट कोणी सांगत नाही. २०२५-२६ मध्ये स्टॅच्युटरी सिक पे (आजारपणात मालकाने कायद्याने द्यायचा किमान पगार) आठवड्याला ११८.७५ होता, म्हणजे रेषेच्या खाली. लांबलेल्या आजारपणात हातात पैसे येत राहतात आणि आठवडे मात्र गळत राहतात. त्या वर्षी पूर्ण होण्याइतकं कमावलं नसेल तर एचएमआरसीला पत्र लिहून त्या आठवड्यांचं क्रेडिट मागता येतं, म्हणजे पैसे न भरता ते आठवडे भरल्यासारखे धरतात. ते आपोआप मिळत नाही, मागावं लागतं.

टप्पा ६: मालकाशी बोला, पण तयारी करून

"पेन्शनसाठी तास वाढवा" एवढंच म्हटलं की समोरचा गोंधळतो, त्याला वाटतं हिला कंपनीचा पेन्शन फंड हवाय. आकडा सांगा: "माझे आठवड्याला १० तास आहेत, साडेदहा केले तर माझं नॅशनल इन्शुरन्सचं वर्ष धरलं जाईल." मालकाला खर्च किती हेही माहीत असू द्या. तो ९६ पौंडांच्या पुढे १५ टक्के भरतोच आहे, २०२५-२६ च्या किमान दराने अर्ध्या तासाच्या ६.१० पौंडांवर त्याला आणखी ९२ पेनी पडायचे. कोणी "रेषेवर गेलीस की तुझ्याच पगारातून कापलं जाईल" असं सांगितलं तर ते खरं नाही, २४२ पर्यंत तुमचा नॅशनल इन्शुरन्स कापलाच जात नाही.

तास वाढले की ते लेखी घ्या. तोंडी वाढलेले तास मंदीच्या महिन्यात पहिले जातात.

टप्पा ७: रेषा गाठताच येत नसेल तर क्रेडिट बघा

मूल १२ वर्षांखालचं असेल आणि चाइल्ड बेनिफिटचा (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा) क्लेम तुमच्या नावावर असेल तर नॅशनल इन्शुरन्सचं क्रेडिट मिळतं, काम केलं नाही तरी. इथे दोन चुका होतात. नवऱ्याचा पगार जास्त आहे, बेनिफिट टॅक्समध्ये परतच जाणार, म्हणून क्लेमच करत नाहीत. क्लेम करा आणि पैसे नको असं सांगा, क्रेडिट मिळतंच. दुसरी चूक, क्लेम नवऱ्याच्या नावावर. त्याची वर्षं पगारातून भरताहेतच, क्रेडिट त्याच्याकडे पडून वाया जातं. सीएफ४११ए हा फॉर्म भरून ते जोडीदाराकडे वळवता येतं.

सावधान: ज्यांच्या व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) ही अट आहे त्यांनी चाइल्ड बेनिफिटचा क्लेम करू नये, तो पब्लिक फंड आहे आणि व्हिसावर गदा येऊ शकते. म्हणजे डिपेंडंट व्हिसावर आलेल्या आयांना हा रस्ता बहुतेक वेळा बंदच असतो, आणि म्हणूनच त्यांच्यासाठी टप्पा ३ आणि ४ जास्त महत्त्वाचे. पगारातून मिळणारं पेन्शनचं वर्ष मात्र पब्लिक फंडात येत नाही, त्याला घाबरू नका. जोडीदार ब्रिटिश किंवा सेटल्ड (यूकेत कायम राहण्याची परवानगी असलेला) असेल तर आधी सल्ला घ्या आणि मग ठरवा.

नातवंडांना सांभाळणाऱ्या, इथेच स्थायिक असलेल्या आजी-आजोबांनाही क्रेडिट मिळतं, त्यासाठी सीए९१७६ फॉर्म. त्यात मुलाच्या आईबापाचं वापरात नसलेलं क्रेडिट आजीकडे जातं, म्हणून आई नोकरीतून वर्ष भरत असेल तरच याचा उपयोग. आठवड्याला किमान २० तास कोणाची शुश्रूषा करत असाल तर केअरर्स क्रेडिट बघा.

आणि ज्या घरून डबे देतात, क्लास घेतात, शिवणकाम करतात त्यांच्यासाठी सगळ्यात स्वस्त वाट इथे आहे. स्वयंरोजगार म्हणून नोंदणी असेल आणि नफा एका मर्यादेइतका (२०२५-२६ मध्ये ६,८४५ पौंड) किंवा जास्त असेल तर वर्ष आपोआप धरतात. कमी असेल तर सेल्फ असेसमेंटमधून (स्वतः भरायच्या टॅक्स रिटर्नमधून) क्लास २, म्हणजे स्वयंरोजगारवाल्यांचा नॅशनल इन्शुरन्स, स्वेच्छेने भरा, २०२५-२६ साठी आठवड्याला ३.५०, वर्षाचे १८२ पौंड. धंदा खरा हवा आणि तुमच्या व्हिसावर स्वयंरोजगार चालतो हे आधी बघा. स्टुडंट व्हिसावर चालत नाही.

टप्पा ८: पी६० वर ताळा करा, मग भरायचं का ते ठरवा

मेअखेरपर्यंत मालक पी६०, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा दाखला, देतो. त्यात नॅशनल इन्शुरन्सच्या चौकटीत पगाराचे तीन रकाने असतात: खालच्या रेषेइतका पगार, तिथून वरच्या रेषेपर्यंतचा आणि त्यापुढचा. तिघांची बेरीज करा. ६,५०० किंवा जास्त असेल तर वर्ष भरलं. पी६० वरचा वर्षाचा एकूण पगार ७,००० आहे पण या रकान्यांची बेरीज ४,५०० येते, असं दिसलं तर समजा की काही आठवडे रेषेखाली गेलेत. दोन नोकऱ्या असतील तर दोन्ही पी६० चे हेच रकाने बेरजेत घ्या.

कमी पडलं तर क्लास ३, म्हणजे स्वेच्छेने भरायचा नॅशनल इन्शुरन्स, भरता येतं, २०२५-२६ चा दर आठवड्याला १७.७५, अख्ख्या वर्षाचे ९२३ पौंड. हा आकडा ऐकून लोक विषय सोडून देतात, पण अख्खं वर्ष भरायची गरज नसते, फक्त कमी पडलेले आठवडे भरायचे असतात. वरच्या भारतवारीच्या उदाहरणात साधारण ३ आठवडे कमी पडतात, ५३.२५ पौंड. एवढ्यात वर्षाला ३४२ पौंडांचं पेन्शन वाचतं. १८ आठवडे कमी असतील तर ३१९.५०, तरीही पेन्शन सुरू झाल्यावर वर्षभरात वसूल.

क्रम मोडू नका. आधी क्रेडिट मिळतंय का बघा, फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी पैसे भरू नका. मग पुढे तुमची ३५ वर्षं तशीही भरणार आहेत का मोजा, पस्तिशीत असाल आणि फुल-टाइम जाणार असाल तर हा एक खड्डा कदाचित भरायचीच गरज नाही. २०१६ आधीची वर्षं रेकॉर्डवर असतील तर भरण्याआधी फ्युचर पेन्शन सेंटरला फोन करा, कारण काही वर्षं भरूनही पेन्शन वाढत नाही. आणि सगळ्यात शेवटी पैसे.

मुदत: साधारण मागची ६ वर्षं भरता येतात, दर ५ एप्रिलला एक जुनं वर्ष कायमचं बंद होतं. २०२०-२१ साठी ५ एप्रिल २०२७ शेवटची. पहिली २ वर्षं जुन्या दराने भरता येतं, नंतर चालू दर लागतो.

टप्पा ९: भारतात परतायचं असेल तर

तिथली ईपीएफची वर्षं इथल्या १० वर्षांत धरत नाहीत. आठ वर्षं यूकेत आणि वीस भारतात असं असेल तर आठच. कमी पडणारी दोन वर्षं इथे असतानाच पगारातून भरणं सगळ्यात स्वस्त, कारण ६ एप्रिल २०२६ पासून परदेशातून स्वस्त क्लास २ भरण्याची सोय बंद झालीय आणि क्लास ३ साठी आधी यूकेत राहिलेल्या किंवा भरलेल्या वर्षांची अटही ३ वर्षांवरून १० वर्षांवर गेलीय. पेन्शन भारतात मिळतं, पण भारतात राहणाऱ्यांना दरवर्षीची वाढ मिळत नाही, पहिल्या दिवशी जो आकडा ठरला तोच गोठतो. म्हणून परतणाऱ्याने फोरकास्टमधला आकडा तसाच पुढे धरून हिशोब करावा, त्यावर महागाईची वाढ धरू नये, आणि निघायच्या आधी पर्सनल टॅक्स अकाउंटमधला पत्ता बदलून घ्यावा आणि जुने सगळे पी६० सामानात भरावेत.